रेडिओचं तोंड

“एरियल न देताच रेडिओ आमच्या गळ्यात मारलास की रे,” गावडेकाका म्हणाले. लालबागच्या त्यांच्या चाळीने वर्गणी काढून घेतलेला सेट गॅलरीच्या कोपऱ्यात फळीवर, मधल्या चौकाकडे तोंड करून ठेवला होता आणि नुसता खरखरत होता. संयुक्त महाराष्ट्राचं काय होणार हे ऐकायला संध्याकाळच्या बातम्यांना सगळी चाळ जमणार होती.

मी गिरगावातल्या एका रेडिओ दुकानाचा एरियलवाला. गच्चीवर दोन बांबू उभे करून तांब्याची तार ताणायची आणि तिचं टोक खाली आणून रेडिओला जोडायचं, हे माझं काम. या नव्या मॉडेलला तार जोडायला जागाच नव्हती. एरियल आतच होती. फेराइट नावाची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. निघताना मालक म्हणाले होते, “सेट परत आला तर तूही उद्यापासून घरी बस. तारा ताणायचं काम संपलंच आता.” राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

ही कांडी टोकाकडून येणारं ऐकत नाही, बाजूने येणारं ऐकते. रेडिओ स्टेशनचा मनोरा उत्तरेला आणि कांडीचं टोक नेमकं तिकडेच. मी सेट फिरवला. आवाज खणखणीत आला.

“झालं काम, काका.”

“झाला कसला? तोंड भिंतीकडे गेला त्याचा. मगे आयकतली कोण, भिंत?”

“थोडं ॲडजस्ट करा ना.”

“वर्गणी सगळ्यांनी दिलेली हा. तोंड चौकाकडेच व्हया.”

रेडिओ फिरत नाही, तर कांडी फिरवायची. प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. कांडी काचेसारखी ठिसूळ. तुटली तर सेट गेला आणि नोकरीही. रबराच्या पकडीतून ती हळूहळू सोडवली. फिरवल्यावर ती पेटीत मावेना. शेवटी झाकणाला भोक पाडून टोक चार बोटं बाहेर राहू दिलं, वर चिंधी गुंडाळली. रेडिओला शेपूट फुटलं म्हणून बायका हसल्या.

बातम्या लागल्या. समोरच्या गॅलरीतही शब्द न् शब्द पोचला. महाराष्ट्राबद्दल अवाक्षर नव्हतं. लोक माझ्याकडे बघायला लागले. बातमी मीच आणायची होती आणि विसरलो, असं मला वाटायला लागलं.

“काय बोललेच नाय,” काका म्हणाले. “पण बोललेच नाय, ह्या तरी साफ आयकाक इला.”

सेट परत आला नाही. मालक पुढेही प्रत्येक नव्या रेडिओबरोबर मला पाठवत राहिले, तारेचं भेंडोळं न देता. एरियल पेटीत घातली की दिशेची कटकट संपली, असं बनवणाऱ्यांना वाटतं. ती संपत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी जाते.