सहीपुरता आलेला कुमार

पाच वर्षांनी कुमारची गाडी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला शोभनाकाकूंच्या दारात थांबली. काकूंनी त्याला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही.

२००२ साली ह्यूस्टनमधली नोकरी गेली, तेव्हा हाच कुमार दोन महिने त्यांच्याकडे जेवत होता. काकूंचे यजमान मोरेश्वरराव आदल्या वर्षीच वारले होते. इथे गाडी चालवता येत नसेल तर दूध आणायचीही पंचाईत, म्हणून कुमारने काकूंना गाडी शिकवली. सिनेमा काढायचं खूळही तेव्हाचंच. महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसं त्याने फुकट राबवली. कुणाचं घर, कुणाचा कॅमेरा, डबे काकूंचे. पडद्यावरही काकूच. एक विधवा बाई गाडी शिकते, एवढीच गोष्ट. कागदावर सही मात्र कुणाचीच घेतली नाही. घरच्या माणसांची कसली सही!

तो सिनेमा दोन-तीन महोत्सवांत गाजला. कुमार लॉस एंजेलिसला गेला, निर्माता झाला, आणखी दोन सिनेमे काढले. मुलाखतींत सांगू लागला, "सगळं एकट्याने उभं केलं." काकूंना टपालाने एक डीव्हीडी आली. त्यानंतर साधा फोन नाही.

"काकू, मोठी कंपनी आपला पहिला पिक्चर घेतेय. देशभर थिएटरला लागणार!" त्याने कागद पुढे सरकवला. "पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची सही हवी. जस्ट फॉर्मॅलिटी."

"गाडीतला तो प्रसंग काढ. मग सही."

शूटिंगच्या दिवसांत एकदा कुमार कॅमेरा डॅशबोर्डवर ठेवून दुकानात गेला होता. "बंद आहे, काकू," म्हणाला होता. एकट्या पडल्यावर काकू शेजारच्या रिकाम्या सीटशी, मोरेश्वरराव तिथे असावेत तशा, बोलल्या होत्या. छातीत दुखतंय म्हणालात तेव्हाच मी अँब्युलन्सला फोन करायला हवा होता. मॅच संपू दे म्हणालात, आणि मी चाळीस मिनिटं थांबले. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहणाऱ्या मुलीला, रुचाला, त्यांनी सांगितलं होतं की बाबा झोपेतच गेले. डीव्हीडी लावली तेव्हा काकूंना आपलंच बोलणं ऐकू आलं, खाली इंग्रजी अक्षरांसकट.

"अहो, त्या सीनवरच तर विकला गेलाय!"

"कॅमेरा बंद आहे म्हणाला होतास."

"नशीब म्हणा, चालू राहिला."

"राहिला, की ठेवलास?"

कुमारने कागद आणखी पुढे सरकवला. मग गोड आवाजात म्हणाला, "रुचाशी बोलू का? तिने पाहिला नसेल ना? तिला आजच पिक्चर पाठवतो. ती समजावेल तुम्हाला."

काकू उठल्या. पेन आणायला गेल्या असं कुमारला वाटलं. त्यांनी फोन उचलला.

"रुचा, मीटिंगमध्ये आहेस? बाहेर ये जरा. बाबांचं एक सांगायचं राहिलंय." आणि कुमारवरची नजर न काढता त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मॅचसकट.

"काकू, यार, हे काय..."

"मी तुझी यार नव्हे."

मग पलीकडून रुचा म्हणाली, "चाळीस मिनिटं, आई?"

"हो."

"आणि मला हे आज सांगतेस?"

"हो. आज."

"तिथे कोण आहे? कुणाशी बोलत होतीस?"

काकूंनी बिनसहीचा कागद उचलून कुमारच्या हातात दिला आणि दार उघडलं. बाहेरचा दमट उकाडा आत शिरला.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "निघालाय तो."