बर्गी कोण?

"आमची बर्गी बोलली बरं का! अगं, तू आकडे लिही." साहेब माईकवर इंग्रजीत म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. मी फळ्यापाशी उभी होते, हातात खडू. गुण मांडायला.

ते हसू अजून ऐकू येतं. भांडी घासताना. भर दुपारी, कुणी नसताना.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कलकत्त्यात क्विझचं खूळ शिरलं होतं. आधी एका-दोन क्लबांत, मग शाळांत, चर्चच्या हॉलमध्ये, जिथे तिथे. मी बराकपूरहून लोकलनं सियालदह स्टेशनला उतरून एका कंपनीत टायपिंग करायला जायचे. आमचे साहेब क्विझमास्तर म्हणून गाजलेले. आणि त्यांचे प्रश्न? मी काढायचे. जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसून, डबा तसाच ठेवून. आयत्या बिळावर नागोबा! पण मी मूग गिळून बसले होते.

मी मराठी, म्हणून ऑफिसात मला लाडानं बर्गी म्हणत. लाडानं! मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बंगालात आया बर्गीची भीती घालून पोरांना निजवतात.

त्या संध्याकाळी साहेबांनी माझाच प्रश्न वाचला, 'बर्गी शब्द कुठून आला?' एका संघानं सांगितलं, मराठीतल्या 'बारगीर'वरून. अगदी बरोबर. साहेबांनी कार्डावरच्या उत्तराकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक. बर्गी म्हणजे लुटारू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उत्तर बरोबर आहे. कार्ड बघा, मीच लिहिलंय."

त्यावर साहेबांचं ते 'आमची बर्गी', आणि ते हसू. कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि बाबांनी सांगितलेला अर्थ आठवला. स्वतःचा घोडा असतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर.

अरे, मग बर्गी तर हा! घोडा माझा, वर बसलाय हा. साहेबांना मनातल्या मनात अहो-जाहो करणं मी तिथंच सोडलं.

त्या संघापुढे मी दहा गुण लिहिले. खडू ठेवला. टेबलावरची उरलेली सगळी कार्डं उचलली.

"ही माझी आहेत."

आता कुणी हसलं नाही. क्विझ तिथंच थांबलं.

सोमवारी नोकरी गेली. पण त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक कार्डाखाली मी माझं नाव घातलं. अजूनही कितीतरी क्विझमास्तर येतात, म्हणतात, नाव कशाला, प्रश्न तेवढे द्या. कानात ते हसू सुरू होतं. होऊ दे. घोडा मिळणार नाही.