दिब्बाच्या कड्याखाली

दुबईच्या मरिनातली गिऱ्हाइकं मंदीत अशी आटली, की सुजीतची मासेमारीच्या सहलींची बोट महिनोन् महिने धक्क्याला बांधून राहिली. शेवटी त्याने बोट पूर्व किनाऱ्यावर हलवायचं ठरवलं. तिथे फुजैरा, खोरफक्कान आणि दिब्बा ही तीन बंदरं जवळजवळच. त्यांतलं एक निवडायचं होतं. बोट चालवणारा तांडेल बाबाजी, मूळचा वेंगुर्ल्याचा. बोट चालली नाही तर व्हिसा खलास, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दोघांनी तिन्हीकडे गळ टाकून पाहिले. फुजैऱ्यात नांगरलेल्या टँकरांखाली मासळी भरपूर, पण जवळ जाऊ देत नव्हते. खोरफक्कानचं बंदर शांत. मोठ्या माशासाठी मात्र बरंच आत जावं लागे. दिब्बाला कड्याच्या पायथ्याशीच सुरमई लागली, एकामागून एक. बाबाजीचं मन तिथेच बसलं.

"हेच बंदर, साहेब. गिऱ्हाईक खूश होऊन जाईल."

सुजीत आकाशाकडे बघत होता. ईशान्येकडून वारा उठला होता, लाटा थेट कड्यावर जाऊन फुटत होत्या. "बाबाजी, पुरे आता. यल्ला, परत फिरू."

"एकच फेरी."

त्या फेरीत बाबाजीने बोट कड्याच्या फारच जवळून वळवली. मागे सोडलेली गळाची दोरी बोटीखालच्या पंख्यात गेली आणि इंजिन गचका देऊन बंद पडलं. वाऱ्याने बोट कड्याकडे रेटायला सुरुवात केली. बाबाजीने नांगर टाकला. तो तळावरून खरडत गेला, मग कुठेतरी अडकला. मागे खडक इतका जवळ होता, की फुटलेल्या लाटेचं पाणी अंगावर उडत होतं.

बाबाजीने कमरेला दोर बांधला, टोक सुजीतच्या हातात दिलं आणि दातांत सुरी धरून उडी टाकली. खाली दोरीचा पीळ पंख्यावर घट्ट बसला होता. तो कापताना बोट लाटेवर चढली आणि आपटली ती त्याच्या खांद्यावर. सुरी सुटली, डोळ्यांपुढे अंधार आला.

सुजीतने आयुष्यात कधी जाळं ओढलं नव्हतं. दोर सैल पडलेला दिसताच त्याने पाय कठड्याला लावले आणि सगळा जीव एकवटून ओढलं. बाबाजी वर आला, खोकला, श्वास घेतला.

"दुसरी सुरी द्या."

"नको! नांगर सुटला तर..."

"म्हणूनच द्या."

दुसऱ्या बुडीत पीळ सुटला. इंजिन धडधडलं, आणि कडा हळूहळू मागे पडला.

बोट धक्क्याला लागली. मग बाबाजी म्हणाला, "चूक माझी. दिब्बा नको. खोरफक्कान घ्या. तांडेलही दुसरा बघा."

"खोरफक्कान घेऊ," सुजीत म्हणाला. दोराने सोललेले तळवे त्याने अजून मिटलेलेच होते. "तांडेल आहे तोच राहील. पण परत फिरू म्हटलं, की फिरायचं."

संध्याकाळी वेंगुर्ल्याहून बाबाजीच्या बायकोचा, सगुणाचा फोन आला. "बंदर गावला काय?"

"गावला," बाबाजी म्हणाला, आणि त्याने फोन डाव्या हातात घेतला.

पहिला हिवाळा धंदा जेमतेमच चालला. पुढे गिऱ्हाईक परतलं, आणि बाबाजी खोरफक्कानला आठ वर्षं राहिला. दुखरा खांदा घेऊन तो सुकाणू डाव्या हाताने धरी. वारा फिरला की सुजीतने सांगायच्या आधीच बोट वळवी.