कुंकवाखालचा क्रमांक

वडवणीच्या बसस्टँडसमोर योगिताचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. नऊ वर्षांत तिला कागदांवरून घरं कळायला लागली आहेत. घामाने मऊ पडलेला कागद उसाच्या फडावर जाऊन आलेला असतो, काळ्या कडांचा चुलीवरच्या फळीवरून उतरलेला.

त्या दिवशी पावणेपाचला साखराबाई लगबगीने आत आल्या. मागे त्यांची लेक रोहिणी. नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज पाचला बंद होणार होते.

"सगळं भरलंय, ताई. फकस्त जातीचा दाखला ऱ्हायलाय," रोहिणी म्हणाली.

योगिताने जुन्या, हाताने लिहिलेल्या दाखल्याची घडी उलगडली आणि ती थबकली. निळ्या शाईतल्या क्रमांकावर कुंकवाचा ठिपका वाळून बसला होता.

"हे काय केलंत, काकू?"

"पयल्यांदा सरकारी कागद घरात आला, देवापुढं ठिवला. मंग कुकू लावू न्हाई का?"

"आये, नंबरालाच कावून लावलं गं?" रोहिणीचा आवाज चिरकला.

साखराबाईंनी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं. योगिताने कागद झटकन ओढून घेतला. "पुसू नका! शाईसुद्धा जाईल."

अर्जात दाखल्याचा क्रमांक भरायचा होता, तो चुकला तर अर्ज बाद. तिने रंगीत स्कॅन केलं, लाल डाग आला. काळं-पांढरं केलं, काळा डाग आला. चार पन्नास.

"हे यंत्र अक्षरं वाचत नाही," ती रोहिणीला म्हणाली, की स्वतःलाच. "नुसता उजेड टाकतं आणि किती परत आला ते मोजतं. लाल उजेड कुंकवावरून परत येईल. निळी शाई मात्र तो गिळून टाकेल. म्हणजे डाग कागदासारखा पांढरा दिसेल, आकडे काळे."

तिने लाल रंग वगळायचा पर्याय निवडला. काचेखालून उजेडाची पट्टी सरकली. पडद्यावर डाग विरला, इंग्रजी आकडे उमटले. शेवटचा एक की सात, तेवढं कळेना.

मग तिने फक्त तो कोपरा स्कॅनला लावला, इंचाला बाराशे ठिपके. जितके ठिपके जास्त, तितकी पट्टी संथ. ती मुंगीच्या पावलांनी निघाली. चार पंचावन्न.

आकड्याच्या डोक्यावर बारीक आडवी रेघ होती. सात.

योगिताने क्रमांक भरला, दाखल्याची रंगीत प्रत जोडली, बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. चार अठ्ठावन्नला 'अर्ज स्वीकारला' अशी हिरवी ओळ आली. रोहिणीने ती दोनदा वाचली, मगच म्हणाली, "झालं, आये."

साखराबाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या.