भाद्रपदातला आंब्याचा वास

आमच्या वाडीत गणपतीच्या आरत्या घरोघर फिरतात. शेवटच्या आरतीत एक जागा अशी येते, की ढोलकी आणि झांजा थांबतात आणि सगळ्यांनी मिळून एकच सूर ताणायचा असतो. एकेकाचा दम संपत जातो आणि शेवटी एकटाच उरतो. आमच्याकडे उरायचा तो माझा धाकटा भाऊ. "ह्याचा सूर संपेस्तोवर चहा उकळून घ्या गो," असं शेजारची काकू म्हणायची आणि मी उगाच मान ताठ करायची. मला स्वतःला धड गाता येत नाही, पण मोठी बहीण म्हणून रुबाब करायला काय लागतं!

तो मुंबईला नोकरीला लागला. पुढच्या गणपतीला घरी आला आणि घरात पिकल्या आंब्याचा वास यायला लागला. भाद्रपदात! आमची हापूसची बाग. आंबा कधी येतो, कधी सरतो, हे आमच्या मांजरालाही ठाऊक. बाबा माळ्यावर चढून एखादी पेटी राहिली की काय ते बघून आले. आई म्हणाली, "अत्तर लावत असेल. घरची आठवण येते पोराला." आम्हाला ते इतकं गोड वाटलं, की कुणी पुढे विचारलंच नाही. आजोबांच्या विडीचा वास आम्ही ओळखत होतो. चांगल्या वासाला कोण घाबरतं?

त्या वर्षी आरतीत सगळ्यांच्या आधी त्याचाच सूर तुटला. "मेल्या, दम मुंबईत विकलास काय?" कुणीतरी ओरडलं आणि घर हसलं. तोही हसला, आणि मग खांबाला धरून कितीतरी वेळ खोकत राहिला. आईने मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. विसर्जन करून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून परत येताना तो मध्येच खाली बसला. ओठ निळे पडले होते. तसंच रिक्षात घालून त्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काही ओढतो का?"

"विडी-सिगरेटला शिवत नाय तो," बाबा ताठ्यात म्हणाले.

भावाने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "ताई, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात बघ."

बोटाएवढी, रंगीत, खेळण्यासारखी वस्तू निघाली. वेप. ऑफिसातल्या मित्रांनी दिलेला. सिगरेटपेक्षा बरा, नुसती वाफ असते म्हणे! आता सकाळी डोळे उघडले की आधी तो लागत होता. बाबांनी ती वस्तू हातात घेतली आणि फळ देठापाशी हुंगतात तशी हुंगली. "हापूस नाय हा," एवढंच म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

फुप्फुसांना सूज होती. ती उतरेल, पण दम किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. मला भावाचा राग आला, आणि त्याहून जास्त, विषाला फळाचा वास लावणाऱ्यांचा. त्यांचं तळपट होवो, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

नोकरी सोडून तो घरी राहिला. आंब्याच्या दिवसांत माजघरात गवताची आढी घातली, फळं पिकू लागली, आणि वास सुटला तसा तो बेचैन झाला. हात खिशाकडे जायचा. उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा. बाबांनी एका दुपारी सगळी आढी उचलून गोठ्यात नेली. वैशाखात आमच्या घरात आंब्याचा वास नाही, असं कधी झालं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

यंदा आरतीला तो दाराशी खुर्चीत बसला होता. ती जागा आली. ढोलकी थांबली. त्यानेही सूर लावला. मला बाकी कुणाचं ऐकूच येत नव्हतं. बघता बघता त्याचा आवाज चिरकला आणि तुटला. त्याच क्षणी शेजारी उभ्या आईने सूर सोडला. मग बाबांनी. मग काकूने, आणि मग सगळ्या घराने. नुसती त्याची धाप ऐकू येत होती.

"तुम्ही कशाला थांबलात?" त्याने विचारलं.

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माझाही दम संपला रे," ती म्हणाली.