जित्या माणसाला श्रद्धांजली

निशिगंधा घोडकेला पुनावळ्यात सगळे "पीएचडीवाली" म्हणत. पाच वर्षं एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलेल्या पोरीला दुसरं काय म्हणणार? बाप दत्तोबा अंबाजोगाईहून येऊन चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर उभा राहिला, तो बावीस वर्षं उभाच आहे. पोरगी मात्र खुर्चीत बसून इंटरनेटवरच्या धमक्या ओळखायला कॉम्प्युटरला शिकवत होती.

"म्हंजे कोन कुनाला शिव्या देतंय, ते तू मोजत बसतीस?" घरमालकीण आक्काबाई विचारायच्या.

"शिव्या नाही हो आक्का, धमक्या."

"मग आमच्या भावकीत ये की! वर्सभर पुरंल."

निशिगंधानं खरंच आसपासच्या गावांच्या फेसबुक ग्रुपांवरून चाळीस हजार मजकूर गोळा केले होते. माणसांची नावं काढून त्यांच्या जागी आकडे टाकले होते. पण गावचे ग्रुप कसे असतात, ठाऊक आहे ना? निम्मे वाढदिवस, निम्म्या श्रद्धांजल्या. त्या गर्दीला वैतागून तिनं पहिल्याच वर्षी चाळणी लावली. "वाढदिवस" किंवा "भावपूर्ण श्रद्धांजली" दिसलं की मजकूर बाहेर, यंत्रापर्यंत पोचायलाच नको. कचरा गेला, निकाल झकास आले, मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. येत्या सोमवारी प्रबंध सादर करायचा होता. त्यासाठी दत्तोबानं सुट्टी टाकली होती आणि अख्ख्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी आक्काबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांपायी त्या कधी वर येत नसत. हातात मुलाचा, शेखरचा फोन होता. त्यावर त्याचाच फोटो, हार घातलेला, आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". अहो, तो शेखर तर खाली अंगणात गाडी पुसत होता! रस्त्यालगतची जमीन मागायला आलेल्यांना त्यानं नकार दिला, त्याला महिना झाला होता.

"त्यो हसतोय गं," आक्काबाई म्हणाल्या. "म्हनतो, पोरांची चेष्टा हाय. तुझं यंत्र काय म्हनतंय, बघ की."

यंत्र काहीच म्हणणार नव्हतं. निशिगंधानंच त्याचे डोळे बांधले होते.

तिनं टाकून दिलेला ढीग उघडला. मेलेला माणूस नंतर लिहीत नाही, एवढी साधी गोष्ट! श्रद्धांजलीनंतरही ज्यांनी काही लिहिलं होतं, असे सात जण निघाले. सहा जण अजूनही ग्रुपवर भांडत होते. सातवा, आकडा दोनशे बारा. त्यानं खाली लिहिलं होतं, "जित्ता हाय राव, चहाला या." अकरा दिवसांनी त्याला दुसरी श्रद्धांजली. या वेळी दीडशे जणांनी हात जोडले होते आणि त्याच्या बहिणीनं लिहिलेलं वाचवत नव्हतं. त्यानंतर दोनशे बारा पुन्हा कधी बोलला नाही.

तिनं सरांना फोन केला. "उणिवांच्या प्रकरणात एक ओळ टाक आणि सोमवारी ये," ते म्हणाले. "बाकीचं पुढे बघू." वाईट माणूस नव्हता तो. तिची पाच वर्षं त्याला दिसत होती.

ती खाली गेली आणि शेखरला सगळं सांगितलं. त्याच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

तिघं पोलीस चौकीत गेली. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिला. "यात गुन्हा काय? श्रद्धांजलीच आहे. मॅडम, धमक्या पकडायचं यंत्र तुमचं ना? ते याला धमकी म्हणतं का?"

आक्काबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही म्हणत," निशिगंधा म्हणाली. "यंत्र चुकतंय, आणि ते मी चुकवलंय." तिनं दोनशे बाराचे कागद पुढे ठेवले.

साहेबांनी ते दोनदा वाचले. मग कोरा कागद सरकवला. "हे लेखी द्याल? सहीनिशी?"

सही केली की सोमवार गेला. सगळं पहिल्यापासून चाळायचं, वर्ष तरी जाणार. बापाला काय सांगायचं? तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. तरी तिनं पेन उचललं आणि लिहिलं, "माझ्या संशोधनात मोठी चूक झाली आहे." पुढचं भराभर लिहून खाली सही ठोकली.

साहेबांनी शेखरला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि तक्रारीची वही उघडली.

"हं, सांगा. पूर्ण नाव? वय?"