लम्पी कोणाच्या माहेरची

आमच्या घरात जे बिघडतं ते माझ्या माहेराहून येतं, असं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ठाम मत आहे. माहेर राज्याच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात. सोयऱ्याची डवरणी, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, अडली की आपली बैलजोडी पाठवायची, ही आमच्याकडची रीत. तशी ती यंदा मामाजींनीच माझ्या भावाकडे पाठवली. जोडी परत आली आणि दोन्ही बैलांच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्या. मामाजींना डॉक्टरची गरजच उरली नाही. "तुमच्याकडूनच आणली," म्हणून मोकळे झाले.

भावाच्या बैलालाही गाठी होत्या. दोन्हीकडच्या खपल्या प्रयोगशाळेत गेल्या. बैल बरे होऊन कामाला लागले, तेव्हा कुठे निकाल आला. गुरांच्या डॉक्टरीणबाई ओसरीवर बसून समजावू लागल्या. विषाणूची जनुकं म्हणजे लांबलचक मजकूर. त्याच्या नकला होत जातात आणि नकलेत चुका राहतात. आमच्या बैलांतल्या सगळ्या चुका भावाच्या बैलात सापडल्या होत्या, शिवाय एक नवी. म्हणजे रोग अंगात घेऊनच आमची जोडी तिकडे गेली असणार.

मी चहा ठेवायला उठले आणि मुद्दाम दारातच थांबले. मामाजींनी सावकाश सुपारी कातरली, तोंडात टाकली.

"बराबर हाय बाई," ते म्हणाले. "हिचा भाऊ आमच्या घरून कधी रिकाम्या हातानं गेलाच नाही."